पस्तिशीतले मुरूम: ट्यूब विकत घेण्याआधी

‘मुरमांवर काहीतरी द्या’ म्हणत आमच्या दुकानात येणाऱ्यांत कॉलेजची पोरं असतातच, पण तिशी-चाळिशीतली माणसंही काही कमी नसतात. पोरं मोबाइल पुढे करून थेट क्रीमचं नाव दाखवतात. मोठी माणसं आधी दुकानात ओळखीचं कोणी नाही ना बघतात, मग आवाज खाली आणून म्हणतात, ‘ताई, या वयात हे काय सुरू झालंय बघा ना.’

या वयात होतं. पंचविशीनंतर मुरूम येणं अजिबात विचित्र नाही, आणि बायकांमध्ये ते पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. कोणाचे शाळेपासूनचे थांबलेलेच नसतात. कोणाचे मधली कितीतरी वर्षं गायब असतात आणि बाळंतपणानंतर नाहीतर संततिनियमनाच्या गोळ्या बंद केल्यावर पुन्हा उगवतात. गोम एवढीच, की सतराव्या वर्षी तोंडावर आलेला फोड बहुतेक वेळा मुरूमच असतो. पस्तिशीत तसं गृहीत धरता येत नाही. मुरमांसारखी दिसणारी दुसरी दुखणी या वयात बरीच असतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लावलं की ते चिघळतं.

मी चिपळूणला औषधांचं दुकान चालवते. मी फार्मासिस्ट, डॉक्टर नव्हे, त्यामुळे रोगाचं नाव ठरवणं माझं काम नाही. पण ट्यूब हातात देण्याआधी मी काही प्रश्न विचारते. गिऱ्हाईक कधी वैतागतं, कधी सरळ पुढच्या दुकानात जातं. तेच प्रश्न इथे देते. सकाळच्या उजेडात, तोंड धुऊन, आरशासमोर उभं राहून स्वतःला विचारा.

आत्ता काय लावताय?

हा प्रश्न पहिला, कारण पुष्कळदा दुखणं तिथेच असतं. उत्तर ठरलेलं: ‘काही नाही.’ मग मी थोडी गप्प राहते. ‘म्हणजे तशी रात्री एक क्रीम लावते.’ कुठली? ‘पार्लरवालीने दिलेली.’ किंवा, ‘नणंदेला डॉक्टरांनी लिहून दिली होती, तिला छान फरक पडला, म्हणून तीच.’

ती ट्यूब हातात घ्या. वरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडून द्या, त्याखालचा बारीक मजकूर वाचा. वाचता येत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन असं काही दिसलं, म्हणजे नावाचा शेवट ‘सोन’, ‘सोल’ किंवा ‘लोन’ असा असला, तर ते बहुधा स्टेरॉइड आहे. ‘कोनॅझोल’ने संपणारी बुरशीवरची औषधं वेगळी, त्यांना यात धरू नका. मात्र गजकर्णाच्या पुष्कळशा मलमांत बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र कालवलेलं असतं, तेव्हा सगळी ओळ शेवटपर्यंत वाचा. दुसरी नेहमीची भानगड म्हणजे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन एकत्र असलेली ट्यूब. ती वांगासाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली, काही आठवडे लावायची असते. लोक ती गोरं व्हायला म्हणून वर्षानुवर्षं लावतात.

स्टेरॉइडने आधी खरंच बरं वाटतं, हीच त्यातली मेख. सूज बसते, लाली जाते, चेहरा उजळतो, म्हणून तर मैत्रिणी-मैत्रिणींत ट्यूबचं नाव पसरतं. पुढे कातडी पातळ होते. गालांवर बारीक लाल शिरांचं जाळं दिसायला लागतं, बायकांच्या गालावर लव वाढते, उन्हात गेलं की तोंड भाजल्यासारखं होतं, आणि बारीक, एकाच मापाचे फोड येतात. क्रीम थांबवली की काही दिवसांत चेहरा लालबुंद, आग-आग. पुन्हा लावली की शांत. माणसाला वाटतं, बघा, हीच क्रीम मानवते मला. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला वेगळं नावच दिलंय, ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’, म्हणजे स्टेरॉइडच्या मलमांनी बिघडलेला चेहरा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा चौदा स्टेरॉइडांची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. माझ्या व्यवसायातल्या लोकांनी तो किती पाळला, हे तुम्हाला तुमच्या गल्लीतल्या अनुभवावरून ठाऊक असेलच.

शिमग्याच्या सुमारास एक शिक्षिका आल्या होत्या. बोलताना हातातला ओला रुमाल सारखा गालाला लावत होत्या. पाणी मारलं तरी झोंबतं म्हणाल्या. पर्समधून त्यांनी पांढऱ्या झाकणाची चपटी डबी काढली. तिच्यावर कंपनीचं नाव नाही, घटक नाहीत, बॅच नंबर नाही, एक्स्पायरी नाही. फक्त एका बाईचा हसरा फोटो. त्यांना मुरमांचं औषध हवं होतं. मी काहीच विकलं नाही, डबीसकट त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. चेहरा शांत व्हायला कित्येक महिने गेले. मधे एकदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, पहिले काही आठवडे तर वाटत होतं की डॉक्टरांनीच वाट लावली. क्रीम सुटताना तसं होतंच, आणि ते आधीच माहीत असलेलं बरं.

अशी क्रीम महिनोन्महिने लावत असाल तर ‘आजपासून बंद’ म्हणून स्वतःच फेकून देऊ नका आणि लावतही राहू नका. आठवड्याभरात डॉक्टर गाठा. एकदम थांबवायची की हळूहळू, आणि मधल्या आगीवर काय द्यायचं, ते ठरवतील. तोवर चेहऱ्याला फेसवॉश नको, स्क्रब नको, फेशिअल तर नकोच. साधं पाणी, बिनवासाचं मॉइश्चरायझर, ऊन टाळणं, बस्स.

लेबल नसलेल्या डबीत स्टेरॉइडपेक्षाही वाईट माल असू शकतो: पारा. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये गोरं करणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्यामुळे किडन्या बिघडलेले रुग्ण डॉक्टरांना सापडले. लघवीला फेस येतोय आणि पायांवर सूज आहे, असं तिथे सुरू झालं होतं.

काळे-पांढरे ठिपके आहेत का?

खऱ्या मुरमांची खूण हीच. नाकावर, हनुवटीवर, कपाळावर बारीक काळे ठिपके, किंवा कातडीच्या रंगाच्या बंद गाठी, ज्या गाल ताणून आडव्या उजेडात बघितल्या की दिसतात. त्वचेतल्या तेलग्रंथी तेल सोडतात, मेलेल्या पेशी रोमछिद्राच्या तोंडाशी चिकटून बुच बसतं, आत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्निस नावाचा जंतू वाढतो आणि सूज येते. ठिपक्याचा काळा रंग म्हणजे मळ नव्हे. त्वचेचं रंगद्रव्य आणि हवा लागलेलं तेल मिळून तो काळा दिसतो, त्यामुळे दिवसातून पाच वेळा तोंड घासून तो जायचा नाही. उलट घासल्याने सूज वाढते. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा आणि घाम गाळून आल्यावर, एवढं धुणं पुष्कळ झालं.

बुच बसल्यापासून फोड वर दिसेपर्यंत काही आठवडे जातात. आज आरशात दिसणारा मुरूम मागच्या महिन्यातच तयार व्हायला लागलेला असतो. ‘काल चकली खाल्ली आणि आज हा फोड’ हे गणित म्हणूनच जमत नाही. आणि म्हणूनच कुठलंही औषध आठवड्यात गुण देत नाही.

ठिपके कुठेच नाहीत, सगळे फोड एकाच मापाचे आहेत, तर पुढचे प्रश्न नीट वाचा.

खाज येते का?

मुरूम दुखतात, खाजत नाहीत. खाजले तरी थोडे. कपाळावर केसांच्या कडेने, छातीवर, पाठीवर राईएवढे, एकसारखे, खाजरे दाणे असतील तर ती बुरशी असू शकते. मॅलासेझिया ही बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर राहते, तेल आणि घाम मिळाला की रोमछिद्रांत माजते. आमच्याकडे कोकणात एप्रिलपासून जो दमट उकाडा सुरू होतो त्यात हिची चैन असते, त्यात डोक्याला चपचपीत खोबरेल. कोंडा असणाऱ्यांना हे जास्त होतं. मुरूम समजून अँटिबायोटिक घेतलं की जंतू मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं, फोड वाढतात. ‘डॉक्टरांची गोळी उलटली’ म्हणून येतात त्यातले काही हेच.

यावर केटोकोनॅझोल २ टक्क्यांचा कोंड्याचा शाम्पू फेस करून पाच-दहा मिनिटं त्या जागेवर ठेवायचा आणि धुवायचा, आठवड्यातून दोन-तीनदा. तीन-चार आठवड्यांत फरक नाही पडला तर निदान चुकलंय किंवा पोटातून औषध लागणार आहे. खोबरेल केसांना लावा, कपाळावर उतरू देऊ नका. उशीचा अभ्रा आणि हेल्मेटच्या आतलं अस्तर धुवा. ते अस्तर निघतं हे पुष्कळांना माहीतच नसतं.

नेमकं कुठे आहे?

गालांच्या मध्यावर आणि नाकावर लाली, गरम चहा प्यायला, तिखट खाल्लं, उन्हात गेलं की तोंड तापतं, वर फोड, पण काळा ठिपका एकही नाही: हे रोझेशिया असू शकतं. गोऱ्या लोकांचा रोग म्हणून आपल्याकडे तो ओळखलाच जात नाही, कारण सावळ्या त्वचेवर लाली दिसण्यापेक्षा आग जास्त जाणवते. मुरमांची जळजळीत औषधं याला अजिबात सोसत नाहीत. मेट्रोनिडाझोल, आयव्हरमेक्टिन किंवा अझेलिक अ‍ॅसिडचं मलम डॉक्टर देतात.

ओठांच्या कडेला अगदी चिकटून कोरी पट्टी आणि तिच्या पलीकडे तोंडाभोवती बारीक दाणे असतील तर परत पहिल्या प्रश्नाकडे जा. यामागे बहुतेकदा स्टेरॉइड असतं, नाहीतर चेहऱ्यावर थरावर थर चढवलेली क्रीमं. डॉक्टरांना विचारून सगळं बंद करणं हाच उपचाराचा मोठा भाग.

मे महिन्यात तोंडाच्या कोपऱ्यात फोड, आग आणि काळपट डाग घेऊन कोणी आलं तर मी आधी विचारते, आंबा चोखून खाल्लात का? देठाजवळचा चीक उततो. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले आहेत. त्याचा मुरमांशी संबंध नाही. आंबा ‘उष्ण’ म्हणून मुरूम येतात याला मला कधी आधार सापडला नाही. देठ कापून, चीक निथळू देऊन, धुऊन खा.

दाढी करणाऱ्यांना मानेवर आणि हनुवटीखाली होतं ते बहुधा आत वळलेल्या केसांमुळे. ब्लेड केसाच्या दिशेने फिरवा, कातडी ताणून गुळगुळीत करायचा हट्ट सोडा, किंवा ट्रिमरने एक मिलिमीटर राहू द्या.

आणि काखेत, जांघेत, स्तनांखाली वारंवार येणारी गळवं. घरात त्याला काखमांजरी म्हणतात, शेक देतात, फुटली की विसरतात. वर्षात दोन-तीनदा त्याच जागी येत असतील, आतून बोगदे होऊन जाड व्रण राहत असतील, तर ते हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा नावाचं वेगळं, हट्टी दुखणं आहे. अस्वच्छतेने होत नाही. तंबाखूची सिगारेट आणि वजन त्याला वाढवतात. लाजेने लोक वर्षानुवर्षं दाखवत नाहीत, आणि दर वेळी नुसती चीर देऊन पू काढला तर पुन्हा येतंच. हे लवकर दाखवा, एवढंच मी कळकळीने सांगेन.

साठीनंतर चेहऱ्यावर एकच पुळी महिना-दीड महिना भरत नाही, खपली पडते, पुन्हा रक्त येतं, असं असेल तर तो मुरूम नव्हे. कर्करोग नाही ना, हे बघून घ्यावं लागतं.

पोटात काय जातंय?

क्षयरोगाच्या गोळ्यांतलं आयसोनियाझिड, फिटची फेनिटॉइन, मनाच्या आजारावरचं लिथियम, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी घेतलेली स्टेरॉइडं, बी-१२ ची इंजेक्शनं: यांनी मुरमांसारखे फोड येतात. म्हणून औषध परस्पर बंद करायचं नाही, विशेषतः टीबीचं आणि फिटचं. ज्यांनी लिहून दिलंय त्यांना सांगायचं.

जिमवाल्या पोरांना मी काउंटरवरून नाही, बाजूला घेऊन विचारते. व्हे प्रोटीनने काही जणांचे मुरूम वाढतात, ते बंद करून दोन महिने बघता येतं. पण खांद्यावर, पाठीवर, छातीवर अचानक मोठे दुखरे फोड आले तर ट्रेनरने स्नायू वाढवायला ‘काहीतरी’, म्हणजे स्टेरॉइड, टोचलंय का, हे खरं सांगावं लागतं. तिथे कुठलंही मलम पुरं पडत नाही.

खाण्याबद्दल सगळ्यांनाच यादी हवी असते. मैदा, साखर, गोड पेयं यांनी रक्तातली साखर भरभर चढते आणि त्याने मुरूम वाढतात, याला बऱ्यापैकी आधार आहे. साय काढलेल्या दुधाबद्दल थोडा आहे. तेलकट वडा खाल्ल्याने तेल चेहऱ्यावर येत नाही. ‘रक्तशुद्धी’च्या बाटल्या मी विकते, लोक मागतात, मुरमांसाठी स्वतःच्या घरात मात्र कधी नेलेली नाही.

पाळीचं विचारायला मला संकोच वाटत नाही, दुकानात गर्दी असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या म्हणते. पाळी पस्तीस दिवसांच्या पुढे लांबते का, हनुवटीवर राठ केस येतात का, डोक्यावरचे विरळ होताहेत का, मानेच्या मागे काळसर मखमली पट्टा आहे का? यातल्या दोन-तीन गोष्टी असतील तर पीसीओएसच्या, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी लांबवणाऱ्या विकाराच्या, तपासण्या करायला हव्यात, नुसतं वरून लावून भागणार नाही. हार्मोनची तांबी बसवल्यावर काहींना मुरूम सुरू होतात, तेही डॉक्टरांना सांगा. बऱ्याच जणींची पाळी अगदी वेळेवर असते, रिपोर्ट नॉर्मल येतात, तरी पाळीच्या आधीच्या आठवड्यात जबड्याच्या कडेने आणि हनुवटीवर खोल, दुखऱ्या गाठी येतात. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे हार्मोनचा संबंध नाही असं नसतं; त्वचा त्याच हार्मोनला जास्त दाद देते. तिथे डॉक्टर संततिनियमनाच्या ठराविक गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन देतात. ही दुसरी गोळी मूळची रक्तदाबाची आणि लघवीचं प्रमाण वाढवणारी, त्यामुळे पाकिटावरचं वाचून घाबरून येऊ नका. पण दिवस राहण्याची शक्यता असेल तर ती चालत नाही.

मुरूमच आहेत. आता लावायचं कसं?

साध्या आणि मध्यम मुरमांसाठी दोन औषधांवर माझा भर: अ‍ॅडापालीन ०.१ टक्का जेल आणि बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. अ‍ॅडापालीन रोमछिद्राचं बुच होऊ देत नाही, बेंझॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं, आणि जंतूंना त्याची सवय होत नाही. अ‍ॅडापालीनसाठी एकदा डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. क्लिंडामायसिनची जेल एकटी, महिनोन्महिने लावू नका. जंतू तिला जुमानेनासे होतात. सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड हवं.

बहुतेकांची ट्यूब वाया जाते ती लावायच्या पद्धतीमुळे. रात्री तोंड धुवा, टिपून कोरडं करा आणि पंधरा-वीस मिनिटं काहीच करू नका, भांडी आवरा. ओल्या त्वचेवर अ‍ॅडापालीन जास्त झोंबतं. मग साधं मॉइश्चरायझर. त्यावर मटारच्या एका दाण्याएवढं अ‍ॅडापालीन, सगळ्या चेहऱ्याला मिळून एवढंच. कपाळावर एक ठिपका, दोन्ही गालांवर एकेक, हनुवटीवर एक, आणि तिथून पसरवा. डोळ्यांच्या कडा, नाकाचे कोपरे, ओठांचे कोपरे सोडा, सालपटं आधी तिथेच निघतात. फक्त फोडावर टिकली लावल्यासारखं लावू नका. जे अजून वर आलेले नाहीत त्यांच्यासाठी हे औषध आहे. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, मग एक दिवसाआड, सोसलं तर रोज.

सुरुवातीला चेहरा कोरडा पडेल, थोडे जास्त मुरूमही उठतील. इथेच लोक सोडतात. आग होत असेल तर दोन रात्री थांबा, मॉइश्चरायझर वाढवा, पुन्हा सुरू करा. बारा आठवड्यांआधी निकाल लावू नका. मुरूम गेल्यावरही बंद करू नका, आठवड्यातून दोन-तीन रात्री चालू ठेवा.

बेंझॉइल पेरॉक्साइड सकाळी. पाच-दहा मिनिटं लावून धुतलं तरी काम होतं आणि कातडी कमी चिडते. अडीच टक्क्यांचं जवळजवळ दहा टक्क्यांइतकंच काम करतं, जळजळ मात्र कमी, म्हणून ‘स्ट्राँग द्या’ म्हणू नका. हे कापडाचा रंग उडवतं. गडद टॉवेल, रंगीत अभ्रा, ब्लाउजचा गळा, सगळ्यावर फिके पट्टे पडतात. पांढरा टॉवेल वेगळा ठेवा.

अ‍ॅडापालीन चालू असताना चेहऱ्याला वॅक्स लावायचं नाही, कातडीच निघून येते. पार्लरमध्ये बसण्याआधी सांगा. सकाळी एसपीएफ ३० चा जेलसारखा, तेल नसलेला सनस्क्रीन लावा, नाहीतर डाग जास्त गडद होतात.

दिवस गेलेत, किंवा त्या तयारीत आहात? मग अ‍ॅडापालीन बंद. अझेलिक अ‍ॅसिड चालतं, आणि ते डागांनाही उपयोगी पडतं. सुरुवातीला थोडं चुणचुणतं.

सहाणेवरचे आणि स्वयंपाकघरातले उपाय पटकन उरकते. दुधात उगाळलेलं जायफळ, चंदन: कोणाला सोसतं, कोणाला रिॲक्शन येते, मुरूम कायमचे जात नाहीत. लिंबू आणि खायचा सोडा कातडी जाळतात. टूथपेस्टने फोड वाळल्यासारखा वाटतो आणि काळा डाग राहतो. मुलतानी माती तेल शोषते, तेवढ्यापुरती ठीक. नखाने फोडू नका, त्यातून नाक आणि वरच्या ओठाच्या भागातले तर नकोच.

गोळ्या

डॉक्सीसायक्लिन लिहून दिली असेल तर जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्या आणि अर्धा तास तरी आडवे होऊ नका. झोपताना घोटभर पाण्याने घेतली की कॅप्सूल अन्ननलिकेला चिकटते आणि छातीत अशी आग होते की माणसं हार्ट अ‍ॅटॅक समजून दवाखाना गाठतात. दूध, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर नको, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. उन्हाने तोंड लवकर भाजतं. तीन-चार महिन्यांपुढे ती ओढायची नसते.

खोल गाठी, खड्डे पडणारे मुरूम, सगळं करून थकलेले: त्यांच्यासाठी आयसोट्रेटिनॉइन. तिच्याबद्दल अफवा फार. औषध उत्तम आहे, पण परस्पर घ्यायचं नाही. गर्भाला तिच्यामुळे गंभीर व्यंग येतं, म्हणून बाईने सुरू करण्याआधी एक महिना, चालू असेपर्यंत आणि थांबवल्यावर एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत, आणि गर्भचाचणी करूनच सुरुवात करायची. लिव्हर आणि चरबीच्या रक्ततपासण्या होतात. गोळी जेवणाबरोबर, ताटात थोडं तूप-तेल असताना, म्हणजे नीट शोषली जाते. ओठ फुटणारच, खिशात व्हॅसलिन ठेवा. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सोबत नको, डॉक्सीसायक्लिनही नको, आणि संपल्यावर महिनाभर रक्तदान नको. मन उदास राहायला लागलं तर तेही डॉक्टरांना सांगा. मैत्रिणीच्या उरलेल्या स्ट्रिपवर हे औषध कधीही सुरू करू नका. माझ्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळत नाही, मग कोणी कितीही ओळखीचं असो.

लग्न आठवड्यावर आलंय आणि गालावर गाठ उठली, ही विनंती दर मोसमाला येते. त्वचेचे डॉक्टर त्या गाठीत स्टेरॉइडचा अगदी थोडा डोस टोचतात, दोन-तीन दिवसांत ती बसते. हे त्यांच्याच हातचं काम.

डाग आणि खड्डे

सपाट काळा किंवा तांबूस डाग काही महिन्यांनी फिका पडतो. ऊन टाळलं आणि नवीन मुरूम थांबवले तर लवकर. बोट फिरवल्यावर खोलगट लागतो तो खड्डा. त्याला कुठलीही क्रीम भरून काढत नाही, जाहिरात काहीही म्हणो. त्यावर मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं), लेसर असे उपचार डॉक्टर करतात, तेही मुरूम पूर्ण थांबल्यानंतर. म्हणून खड्डे पडायला लागलेत असं दिसताच वाट बघत बसू नका. गाठी, खड्डे, ताप आणि सांधेदुखीसह अचानक उठलेले फोड, बाईचा आवाज घोगरा होऊन राठ केस झपाट्याने वाढणं, यातलं काहीही असेल तर तीन महिने ट्यूब लावून बघायची नाही, आधी डॉक्टर.

जाताना मेकअप करू नका. शेवटच्या तीन पाळ्यांच्या तारखा लिहून न्या. मुरूम सगळ्यांत जास्त असतानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी चेहरा नेमका बरा असतो. चालू गोळ्यांची पाकिटं, प्रोटीनचा डबा, केसांचं तेल, फेसवॉश आणि चेहऱ्याला लावता ते सगळं एका पिशवीत घाला. पार्लरची बिनलेबलची डबीही घाला; डॉक्टर रागावतील म्हणून ती घरी ठेवली, तर बाकीच्या पिशवीचा फारसा उपयोग नाही.